हत्तरसंग कुडल कर्नाटकात नाही

हत्तरसंग कुडलला बसवेश्वर ऐक्य पावले (समाधिस्थ झाले) आणि गाव कर्नाटकात आहे, असा मेसेज सोलापुरात फिरतोय. दोन गावांची गल्लत झाली आहे. बसवेश्वरांचं कूडलसंगम बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर. आपलं कुडल दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. पलीकडच्या काठावर मात्र खरंच कर्नाटक, तिथला विजापूर जिल्हा. तीही सीमा जुनी नव्हे: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विजापूर जिल्हा आपल्यासारखाच मुंबई राज्यात होता. आणि गावाला उसन्या मोठेपणाची गरजच काय? इथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे: ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. शेजारी हरिहरेश्वर मंदिर, तिथलं बहुमुखी शिवलिंग. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.