मिनिटाला साठ शब्द

पालकसभेत बाई म्हणाल्या, "बाकी सगळं छान आहे हो, फक्त त्याला जरा वाचनाची गोडी लावा. मराठी शब्दसंपत्ती फारच तोकडी आहे." गोडी नावाचं एखादं मलम मेडिकलमध्ये मिळतं आणि रात्री झोपताना पोराच्या कपाळाला चोळलं की काम झालं, असा त्यांचा सूर होता. मी मान हलवली. पालकसभेत बापाला दुसरं काम नसतं.

पुरावा बाईंच्या हातातच होता. 'शेतकरी' या विषयावर आमच्या चिरंजीवांनी पाच ओळी लिहिल्या होत्या. 'शेतकरी चांगला असतो. त्याचा बैल चांगला असतो. त्याचे शेत चांगले असते. पाऊस पण चांगला असतो. मला शेतकरी चांगला वाटतो.' एका विशेषणात पाच ओळी भागवल्या होत्या. महिनाअखेरीला आम्ही घर चालवतो, तसंच हे. मला खरं म्हणजे कौतुकच वाटलं, पण बाईंकडे बघून मी चेहरा गंभीर ठेवला.

चिरंजीव तिसरीत आहेत, इंग्रजी माध्यमात. राज्याने २०२० साली कायदा करून सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची केली, म्हणून ती त्यांच्या दप्तरात आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, नाही असं नाही. पण ती मराठी म्हणजे "चार्जर कुठंय?", "बॅग भर", "आधी शूज काढ" आणि "किती वेळा सांगायचं?" एवढीच. या भांडवलावर शब्दांची संपत्ती कशी जमायची?

घरी आल्या आल्या मी घोषणा केली, "आमच्या लहानपणी असं नव्हतं. बालभारतीचं 'किशोर' यायचं घरी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचो मी."

आत आई मटार सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "काय वाचायचास रे? नुसती कोडी सोडवायचास, तीही पेनाने. अंक शेजारच्यांचा असायचा. दोनदा मला भरून द्यावा लागला."

१९७१ पासून निघणाऱ्या त्या मासिकाने पिढ्यान् पिढ्या वाचक घडवले म्हणतात. मी त्यांच्यातल्या पेनवाल्यांपैकी. पण हे चिरंजीवांसमोर उघड व्हायला नको होतं.

असो. मी कामाला लागलो. कुठेतरी ऐकलं होतं, की घरातल्या वस्तूंवर त्यांची नावं चिकटवली की मुलं येता-जाता वाचतात. पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि एका रात्रीत घर भरून टाकलं. कपाट, खिडकी, उंबरठा, फडताळ. फ्रीजवर 'शीतकपाट' लावलं तेव्हा बायको म्हणाली, "आता त्यातलं दूध नासलं तर काय म्हणायचं?" मी लक्ष दिलं नाही. माळ्याच्या दारावर 'अडगळ' लावलं. हा शब्द मला फार आवडतो. त्यात मोडका पंखा, जुनी गादी आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले सगळे खोके अगदी दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून छत्री काढली आणि डोंबिवलीहून नेहमीची फास्ट पकडली. ठाणं गेलं, घाटकोपर जवळ आलं. मागून एकाने खांद्यावर टकटक केलं आणि अतिशय अदबीने विचारलं, "ओ अडगळ, कुर्ला उतरणार का?" आसपासचे सगळे माझ्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. म्हणजे ठाण्यापासून पाठीवरची ती चिठ्ठी अख्ख्या डब्याने वाचली होती. वाचन वाढावं हा माझा हेतू सफल झाला होता, फक्त वाचक चुकले होते.

संध्याकाळी चिठ्ठ्या उतरवल्या. फ्रीजवरची तेवढी निघता निघेना. ती अजून आहे.

मग मी शास्त्रीय मार्गाकडे वळलो. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' म्हणून एक अभियान आहे, २०२१ साली सुरू झालेलं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, वाचावेत असं उद्दिष्ट दिलंय. आकडा मिळाला की माझ्यासारख्या माणसाला हुरूप येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, चिरंजीवांना खुर्चीत बसवलं आणि "हं, सुरू!" म्हणालो. पोरगं असं सुटलं की स्वल्पविराम, पूर्णविराम, लाकूडतोड्या, त्याची बायको, जे वाटेत आलं ते तुडवत गेलं.

"एकोणसाठ!" मी ओरडलो. "फक्त एक कमी!"

"एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन?"

"नाही रे, फिफ्टी नाइन."

"मग त्यात साठ कशाला म्हणतात?"

मी गप्प. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास नऊ' असं म्हणायचा पर्याय दिला होता, तेव्हा मराठी संस्कृती बुडाल्याचे किमान सात संदेश मी पुढे ढकलले होते. प्रत्यक्षात दुकानदार "एकोणऐंशी झाले" म्हणाला की मी काही न बोलता शंभराची नोट पुढे करतो. उरलेले तो देतो. संस्कृती दोघांचीही शाबूत राहते.

"बरं, ते सोड. गोष्टीत काय झालं ते सांग."

"कुठल्या गोष्टीत?" चिरंजीवांनी विचारलं. त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी शर्यत लावली होती, गोष्ट मध्ये कुठे आली?

तेवढ्यात शाळेतून वाक्प्रचार आले. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. मी ऑफिसातून येईपर्यंत चिरंजीवांनी गृहपाठ स्वतःच उरकून वही दिलीसुद्धा होती. तपासून आली ती अशी:

'हातावर तुरी देणे – आजीने मला निवडायला हातावर तुरी दिल्या.'

'पाणी पाजणे – पाहुणे आले की मी त्यांना पाणी पाजतो.'

'कंठस्नान घालणे – रविवारी आई मला कंठस्नान घालते.'

शेवटच्या वाक्याखाली लाल शाईत शेरा होता, 'आईस भेटण्यास पाठवावे.' बायको गेली, आणि परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी पोराला समजावून सांगितलं, की कंठस्नान म्हणजे ठार मारणं आणि हातावर तुरी देणं म्हणजे फसवून पळून जाणं. त्याने विचारलं, "पण तुरी देऊन का पळायचं? शेंगदाणे का नाही?" मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं हा वाक्प्रचार वापरतोय, पण त्या तुरीचं काय करायचं हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात आईचं काहीतरी वेगळंच चाललेलं असायचं. ती मटार सोलता सोलता भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगायची, आणि तिच्या गोष्टीत शब्द असे यायचे: लगबग, लुसलुशीत, चुळबुळ, टुणूक. पोरगं मटार खात ऐकायचं. माझ्या शब्दांच्या वहीत मात्र 'उत्कर्ष', 'सौहार्द' आणि 'निष्ठा' होते. आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात सौहार्दाची गरज कधी लागणार, हे वही आखताना मला सुचलं नव्हतं. चुळबुळीची मात्र घडोघडी लागते.

मधल्या काळात १५ ऑक्टोबर येऊन गेला. डॉ. कलामांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. शाळेने मुलांचे वाचतानाचे फोटो मागवले. उजेड, मागचा पसारा, शर्टाचं बटण आणि 'पुस्तकात बघ, माझ्याकडे नको' या सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं गेली. वाचन झालं शून्य ओळी. फोटोला मात्र नातेवाइकांत तुफान दाद मिळाली.

मग एक दिवस आम्ही दोघं दादरला मावशीकडे निघालो. रविवार, स्लो लोकल, खिडकीची जागा. असं सुख मुंबईत वर्षातून एखाद्या वेळी मिळतं, म्हणून मी डोळे मिटून ते चाखत होतो. तर कानाशी खणखणीत आवाज आला.

"मू-ळ-व्या-ध. बाबा, मूळव्याध म्हणजे काय?"

डोक्यावर पत्र्याला जाहिरात चिकटवलेली होती. मी हळूच म्हणालो, "आजार असतो एक."

"कुठे होतो?"

"घरी गेल्यावर सांगतो."

"भ... गं... द... र. भगंदर! बाबा, भगंदर म्हणजे?" अख्खा डबा माझ्या उत्तराकडे कान लावून बसला. समोरचे पांढऱ्या मिशीचे काका पुढे वाकून म्हणाले, "वा! अनुस्वार अगदी स्पष्ट. मराठी माध्यम का?" मी घाईघाईने म्हणालो, "इंग्रजी." काका हळहळले. ते इंग्रजीमुळे की भगंदरामुळे, ते कळलं नाही.

"बिना ऑपरेशन हमखास इलाज," चिरंजीव पुढे सरकले होते. "हमखास म्हणजे?"

आता माझी गरजच उरली नाही. काका म्हणाले, "नक्की." शेजारचे म्हणाले, "खात्रीने." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "शंभर टक्के." आणि दारात लटकलेला एक तरुण आत डोकं घालून म्हणाला, "भावा, हमखास लिहिलं असेल ना, तर समज ते होत नाही." एका शब्दाच्या चार छटा मिळाल्या, त्याही ठाणं ते मुलुंड एवढ्या अंतरात. माझ्या वहीला हे महिनाभरात जमलं नव्हतं.

पुढची जाहिरात कुठल्याशा बाबांची होती. करणी, वशीकरण, भाऊबंदकी, सासू-सुनेचे भांडण, चोवीस तासांत फरक. चिरंजीवांनी सगळं न अडखळता वाचलं. ६० काय, ८० च्या वेगाने. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, "बाबा, आपल्याकडे सासू-सून आहेत ना?"

"आहेत."

"मग नंबर लिहून घेऊ?"

पांढऱ्या मिशीच्या काकांनी खिशातलं पेन काढून दिलं.

त्या दिवसापासून घरात वाचनाचा जो काही पूर आला, तो आवरेना. वडापावाभोवतीच्या कागदावरची बातमी 'पान ५ वर' गेली, तर पान पाच कुठंय म्हणून गाडीवाल्याशी हुज्जत. लग्नपत्रिका आली, तर 'चि. सौ. कां.' म्हणजे कोण? चि. म्हणजे चिरंजीव असेल तर नवरीसुद्धा चिरंजीव कशी? भाजीवालीला म्हणाले, "मला लुसलुशीत काकडी द्या." तिने खूश होऊन दोन जास्त घातल्या. दुधाचा पेला समोर आला की, "मी हे हमखास पिणार नाही." चौकातले फ्लेक्स तर तोंडपाठ. आजीच्या वाढदिवसाला भेटकार्ड स्वतः बनवलं. त्यावर गॉगल घातलेली आजी, आणि खाली मजकूर:

'धडाडीच्या, कणखर, कार्यसम्राट आजी यांना वाढदिवसाच्या लक्ष लक्ष शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार, बी विंग.'

पाच ओळी 'चांगला'वर काढणाऱ्या माणसाची एका वाक्यात तीन विशेषणं! आई बराच वेळ कार्ड हातात धरून होती. मग म्हणाली, "बाईमाणसाला कार्यसम्राट नाही म्हणत रे. कार्यसम्राज्ञी म्हणायचं." त्याने लगेच खोडून 'कार्यसम्राज्ञी' केलं, ज्ञ सकट. ते कार्ड आता शीतकपाटावर आहे.

शेवटचा घाव सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीने घातला. लिफ्टची वाट बघता बघता चिरंजीवांनी ती इतक्या वेळा वाचली, की पाठच झाली. 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' मी अर्थ सांगितला: पुरेशी माणसं आली नाहीत तर सभा थांबवतात आणि अर्ध्या तासाने आहेत तेवढ्यांत उरकतात. म्हणूनच सगळे अर्धा तास उशिरा येतात. त्याला ही व्यवस्था फारच पटली.

आमचा घरचा नियम असा, की रात्री साडेआठ ते नऊ दोघांनी शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचायचं. मी हा नियम निष्ठेने पाळतो. पुस्तक उघडतो, आणि पुस्तकात मोबाइल ठेवतो. त्या रात्री सामना रंगात आला होता, शेवटची तीन षटकं.

"बाबा, तू आहेस ना?"

"हो, हो."

"कितव्या पानावर?"

"चौदा चेंडूंत एकवीस," मी म्हणालो.

चिरंजीवांनी पुस्तक मिटलं, उठून उभे राहिले आणि अध्यक्षांच्या थाटात जाहीर केलं, "गणसंख्येअभावी वाचन तहकूब." आणि आजीकडे निघून गेले.

मला बरंच वाटलं. सामना निवांत बघितला. आपण हरलो. नंतर पाणी प्यायला उठलो, तर दिव्याखाली त्याच जागी स्वारी परत बसलेली. मांडीवर तेच पुस्तक, ओठ हलताहेत, पाय चटईवर ठेका धरून. घड्याळात पाहिलं. बरोबर अर्धा तास झाला होता. मला जरा अपराधी वाटलं. मोबाइल ओट्यावर ठेवला, माझं पुस्तक घेतलं आणि गुपचूप त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"तू नसलास तरी चालेल," मान वर न करता तो म्हणाला. "तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही."