ब्रीच प्लगच्या तक्रारीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आणि सोबतचे दोन्ही फोटो नीट पाहिले. ठासणीच्या (तोंडाकडून दारू भरायच्या) रायफलचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच, आमच्याकडून बसवून घेतल्यावर पहिल्या दहा बारांतच दुर्बिणीच्या भिंगावर काजळी आली, मग आम्हाला पाठवलेल्याच डबीतले प्रायमर (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) घातले तर बोल्ट (रायफल मागून बंद करणारा दांडा) मिटेना, म्हणजे आम्ही हात न लावताच प्लग परत पाठवला, असं तुम्ही लिहिलंय. हात लावला होता. पण तुम्हाला त्रास झाला त्यात आमची एक चूक आहे, ती आधी सांगतो.

तुम्ही पाठवलेले तीन प्रायमर मोजून त्यांच्या मापावरच प्लग बसवला होता. बोल्ट मिटताना प्रायमरवर अगदी हलका दाब यावा, साधारण 0.05 मिलिमीटर, एवढीच जागा ठेवली. चिठ्ठीवर मात्र आम्ही फक्त '209 साठी बसवला' एवढंच लिहिलं. तिथे चुकलो. 209 हे प्रायमरच्या प्रकाराचं नाव एक असलं तरी कंपनी बदलली की प्रायमरची लांबी काही शतांश मिलिमीटरने बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो. ठासणीच्या रायफलमध्ये तेवढ्यानेही बिघडतं. कुठल्या प्रायमरवर काम केलं आणि त्याची लांबी किती भरली, हे तुम्हाला लेखी द्यायलाच हवं होतं.

तुमच्या पहिल्या फोटोत प्रायमरच्या बाहेरच्या अंगावर पार कडेपर्यंत काळं आलंय. नीट बसलेल्या प्रायमरचं फक्त पुढचं तोंड काळं होतं. ट्रिपल सेव्हन या दारूचा कडक थर नळीत बसतो म्हणून तुम्ही सौम्य प्रायमर वापरून पाहिलेत, ते योग्यच होतं. पण ते आखूड निघाले असणार. मागे फट राहिली की बार उडताना प्रायमर मागे ढकलला जातो, पुढची कड प्लगमधल्या खाचेपासून (जिथे प्रायमर बसतो) सुटते आणि गरम वायू बाजूने मागे येतो. तीच काजळी तुमच्या दुर्बिणीवर बसली. तोच वायू खाचेतही थर सोडून जातो. त्यामुळे नंतर घातलेला मूळ डबीतला प्रायमर पूर्ण आत गेलाच नाही आणि बोल्ट अडला. प्लग हातात आल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण दुसऱ्या फोटोतली खाच बघता मला हेच दिसतंय.

एक कळकळीची विनंती. 'जोर लावून मिटवला' असं तुम्ही लिहिलंय, तसं पुन्हा करू नका. तो जिवंत प्रायमर आहे आणि नळीत दारू आहे. बोल्ट अडला की नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून प्रायमर काढायचा आणि मगच कारण शोधायचं. ओ-रिंग (बारीक रबरी कडं) घालून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. थोडी फट भरते, पण उष्णतेने ती कडक होते आणि बदलत राहावी लागते. खाचेचं माप चुकलं असेल तर ओ-रिंगने ते सुधारत नाही.

प्लग परत पाठवा, पण आधी साफ करू नका, थर मला बघायचा आहे. फक्त प्लग पाठवा, रायफल नको. पहिल्या वेळी घेतलेलं बोल्टचं माप आमच्याकडे आहे. यापुढे जे प्रायमर वापरणार असाल त्यांच्या कंपनीचं नाव आणि खेपेचा क्रमांक लिहा, आणि त्या डबीतल्या निदान वीस प्रायमरची लांबी मोजून कळवा. तीनच मोजून काम करणं हीसुद्धा आमची घाई होती. ठिणगीचं भोकही (ज्यातून प्रायमरची ठिणगी दारूपर्यंत जाते) तपासून देतो. नवं असताना ते साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असतं, बारांगणिक झिजून मोठं होतं आणि मग मागे येणारा दाब वाढतो.

या कामाचे आणि टपालाचे पैसे घेणार नाही. आधी दिलेले पैसे परत हवे असतील तर तेही देतो, तसं कळवा. प्रत्येक चिठ्ठीवर प्रायमरचं नाव आणि मोजलेली लांबी लिहायला आम्ही कालपासून सुरुवात केली आहे.