रात्रभर ऑक्सिजन लावल्याने मेंदूच्या गाठीवरचं रेडिएशन तिप्पट होत नाही

ग्लिओब्लास्टोमाचं (मेंदूतल्या वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीचं) रेडिएशन चालू असलेल्या एका नातेवाइकांच्या घरी एक मेसेज पोचला आणि लगेच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणायचं ठरू लागलं. मेसेजमध्ये चार दावे आहेत. कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगत नाही, हे सिद्ध करून ओटो वारबुर्ग यांनी नोबेल मिळवलं. रेडिएशन घेऊन आल्यावर रात्रभर ऑक्सिजन लावला की परिणाम तिप्पट होतो. मग ३० ऐवजी १५ सिटिंग पुरतात. आणि ऑक्सिजन नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य.

वारबुर्ग यांचं आधी उरकतो. १९३१ चं नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं. गाठीच्या पेशी ऑक्सिजन मिळत असतानाही साखर आंबवून ऊर्जा काढतात, हे त्यांचं निरीक्षण. म्हणजे ऑक्सिजन असतानाही त्या मजेत जगतात. फुप्फुसातल्या गाठी हवेला खेटूनच वाढतात की.

‘तिप्पट’ मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही, एवढं मान्य करावं लागतं. ग्रे या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. रेडिएशनने डीएनएवर जो घाव होतो, त्याला ऑक्सिजन चिकटला तर तो कायम होतो. नसला तर पेशी तो बुजवते. पण ही संधी काही मिलिसेकंदांचीच असते. बीम (किरणांचा झोत) चालू असताना ऑक्सिजन पेशीच्या आत हवा. दुपारी सिटिंग आणि रात्री ऑक्सिजन, याचा दुपारच्या सिटिंगला काडीचाही उपयोग नाही. शिवाय हा फरक ऑक्सिजन न मिळणाऱ्या पेशींपुरता आहे, सगळ्या गाठीचा नाही.

वेळ साधली तरी घरचं मशीन तिथवर पोचत नाही. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरमधून ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन निघतो, पण नाकातल्या नळीशी खोलीतली हवा मिसळते आणि आत जातो साधारण ४० टक्के. निरोगी फुप्फुसं असतील तर हिमोग्लोबिन आधीच ९७ टक्क्यांच्या आसपास भरलेलं असतं. वाढू शकतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन: साध्या हवेत १०० मिलि रक्तामागे ०.३ मिलि, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे २, आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तिप्पट दाबाच्या बंद (हायपरबॅरिक) चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन घेतला तर सुमारे ६. त्यात ऑक्सिजन वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. आणि रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम १०० ते २०० मायक्रोमीटर आत झिरपतो. या गाठीत वाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे गुठळीने बंद, मधला भाग मेलेला.

याच अडचणींमुळे जपानमधल्या गटांनी रुग्णाला अडीच वातावरणदाबाच्या आसपास तासभर चेंबरमध्ये ठेवून, बाहेर काढल्यावर १५ मिनिटांच्या आत रेडिएशन दिलं. मास्क बसवणं, इमेज जुळवणं, बीम, सगळं त्यातच. मशीन अडकलं की गाठीतला ऑक्सिजन उतरतो. निकाल आशादायक होते, पण बहुतेक अभ्यास छोटे आणि तुलनेच्या गटाशिवाय. कार्बोजेन (ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू) आणि निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) देऊन युरोपात केलेल्या चाचणीत (१९९९) ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या दाबाखालच्या ऑक्सिजनवरच्या २०१८ च्या आढाव्यात सगळ्या कॅन्सरच्या मिळून १९ चाचण्या, २,२८६ रुग्ण आहेत. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये काही फायदा दिसला, तोही आज न वापरल्या जाणाऱ्या डोस-वेळापत्रकांत. सोबत फिट आणि ऊतींची इजा वाढली. मेंदूच्या गाठींत फायदा सिद्ध झालेला नाही.

सर्वांत घातक दावा १५ सिटिंगचा. नेहमीचा कोर्स ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक), २ ग्रेच्या ३० सिटिंग, सोबत रोज टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध. दोन सिटिंगच्या मध्ये काही पेशी मरतात आणि आतल्या उपाशी पेशींना ऑक्सिजन मिळू लागतो. पुढचं सिटिंग त्यांना गाठतं. मेसेजला हवं ते काम हे वेळापत्रक स्वतःच करत असतं. १५ सिटिंगचा कोर्स खरंच आहे, पण वयस्कर किंवा अशक्त रुग्णांसाठी, आणि त्यात दर वेळी २.६७ ग्रे देऊन ४० ग्रे पूर्ण करतात. ३० च्या कोर्समधून १५ वर उठलात तर मिळाले फक्त ३० ग्रे. निम्मा उपचार!

‘अपाय शून्य’? दाबाखालच्या ऑक्सिजनने फिट येऊ शकते, आणि या रुग्णांना मुळातच फिटचा धोका असतो. उपचार न केलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) असेल तर चेंबर वर्ज्यच. घरी आगीचा धोका: नळी लावलेली असताना जवळ विडी-सिगारेट, दिवा, गॅस नको, चेहऱ्याला व्हॅसलिन नको. ऑक्सिजनच्या नावाखाली हायड्रोजन पेरॉक्साइड प्यायला सांगणारेही आहेत. ते कुणीही, कितीही पातळ करून, पिऊ नये. अन्ननलिका भाजते आणि रक्तात वायूचे बुडबुडे जाऊन जीव जाऊ शकतो.

जबडा किंवा मूत्राशयाला रेडिएशनने नंतर झालेल्या इजेसाठी डॉक्टर हायपरबॅरिक चेंबर सुचवतात, तो वेगळा उपचार आहे. रेडिएशन चालू असताना डोकेदुखी, उलटी, गुंगी वाढली किंवा हात-पाय लुळा वाटला, तर बहुधा मेंदूची सूज वाढलेली असते. तिला स्टेरॉइडचा डोस बदलावा लागतो. त्याच दिवशी रेडिएशन विभागाला फोन करा, आणि चालू असलेलं डेक्सामेथासोन (हेच ते स्टेरॉइड) किंवा फिटचं औषध स्वतःहून बंद करू नका.