रुंदीकरणोत्सुकांना चार शब्द

तुमच्या घरासमोरचा रस्ता अरुंद आहे का? संध्याकाळी सातला गॅलरीत उभं राहिलं, तर खाली अडकलेल्या बसमधला माणूस मोबाइलवर कोणती मालिका बघतोय ते दिसतं का? आणि तो पूर्ण भाग तिथेच बघून संपवतो का? मग अभिनंदन. तुम्ही उपनगरात राहता आणि लवकरच तुमच्या चौकात एक फ्लेक्स लागणार आहे. त्यावर हात जोडलेले सात चेहरे असतील आणि खाली लिहिलेलं असेल, ‘रस्ता रुंदीकरणाच्या पाठपुराव्यास यश’. काम व्हायचंय अजून. यश तेवढं आलंय.

तोवर तुम्ही निवेदन तयार ठेवा. पहिलं वाक्य ‘वाढती लोकसंख्या लक्षात घेता’ हेच हवं. त्याशिवाय निवेदनाला निवेदनपण येत नाही. लोकसंख्या किती वाढली, असं कोणी विचारणार नाही, आणि विचारलंच तर घाबरू नका. शेवटची झालेली जनगणना 2011 ची. त्यानंतर पुण्यात 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23 आली. गावांबरोबर माणसं आली, मोजणारे तेवढे यायचे राहिले. तेव्हा तोंडाला येईल तो आकडा लिहा आणि त्याच्या आधी ‘सुमारे’ घाला.

लोकसंख्या का वाढली, हे मात्र चुकूनही लिहू नका. तिथे सगळी गोम आहे. आपण दोघंच आहोत म्हणून सांगतो.

राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली 2020 च्या डिसेंबरात. दाट गावठाण सोडलं, तर पुण्यासारख्या शहरात तिचा सरळ हिशोब असा: रस्ता जेवढा रुंद, तेवढी इमारत उंच. रस्ता नऊ मीटरच्या आत असेल, तर मूळ 1.10 एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या 1.10 पट बांधकामावर, समाधान मानायचं. नऊ मीटर झाला, की प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून आणि टीडीआर, म्हणजे जागा गेलेल्या दुसऱ्या मालकाकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवून 2 पर्यंत जाता येतं. तीस मीटर झाला, की 3 पर्यंत. वर अ‍ॅन्सिलरी म्हणजे जोड बांधकाम म्हणून मिळतं ते निराळंच. म्हणजे दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर, रस्ता बारीक असताना साधारण अकराशे चौरस मीटर बांधता येत होतं. रस्ता फुगला, की त्याच मातीवर तीन हजार. प्लॉट जागचा हलला नाही. समोरचं डांबर तेवढं पसरलं.

आता तुमच्यासारखा शंकेखोर माणूस म्हणेल, रुंद रस्त्याला जास्त माणसं झेपतात, मग चुकलं कुठे? चुकलं काहीच नाही. फक्त एवढंच, की ही रुंदी प्रत्येक प्लॉटला आख्खी मिळते. रस्त्याकडेला चाळीस प्लॉट असले, तर चाळीस जण नकाशावर तोच तीस मीटर रस्ता दाखवतात आणि चाळीस जणांना तो पुरा भेटतो. एकच मंगल कार्यालय, एकच मुहूर्त आणि चाळीस वऱ्हाडांना पूर्ण हॉलच्या पावत्या. मुहूर्ताला दारात गर्दी झाली, की कार्यालयवाला म्हणतो, हॉल लहान पडतोय, भिंत पाडून वाढवू या. भिंत पडते, हॉल वाढतो, आणि पुढच्या मुहूर्ताला पावत्या साठ.

ही कारागिरी पुण्याने पुढच्या इयत्तेत नेली होती. 2020 सालीच सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. का, तर सहा मीटरच्या रस्त्यावर टीडीआर चढवता येत नाही. बघा, किती प्रामाणिक! इथे गर्दीचं निमित्तसुद्धा लागलं नाही. आधी लोक येतात मग रस्ता रुंद होतो, असं आपण शाळेत शिकलो असू. इथे रस्ता रुंद होतो तो लोकांना आवतण म्हणून.

तुमचा भाचा परदेशात असेलच. कोणाचा तरी असतोच. माझा ह्यूस्टनला आहे. तिथला केटी फ्रीवे 2008 पर्यंत रुंद करत करत काही ठिकाणी, सर्व्हिस रोड धरून, 26 लेनचा केला. काही वर्षं वाहतूक सुटली. मग कडेची माळरानं वसाहतींनी भरली आणि गाड्या पुन्हा मुंगीच्या पावलाने. भाचा म्हणतो, “मामा, सव्वीस लेनमध्ये अडकण्यात एक ऐट आहे. दोन लेनमध्ये अडकलं की माणूस गरीब वाटतो.” हे वाक्य निवेदनात घालायला हरकत नाही.

असो. समजा रुंदीकरण मंजूर झालं. आता तुम्हाला दोन डीपींची ओळख करून घेतली पाहिजे. पहिला डीपी म्हणजे विकास आराखडा. तो भिंतीवर असतो आणि त्यात तुमचा रस्ता रेघ मारल्यासारखा सरळ, सगळीकडे सारखा रुंद दिसतो. दुसरा डीपी म्हणजे विजेचा तो लोखंडी खोका, ज्याचं दार सुतळीने बांधलेलं असतं. रुंदीकरण झालं, की पहिल्या डीपीतल्या रस्त्याच्या बरोबर मध्यभागी दुसरा डीपी उभा राहतो. तो हलवायचं काम वेगळ्या खात्याचं, त्या खात्याला पैसे भरायचे दुसऱ्या खात्याने, आणि कुठे हलवायचा तर जिथे अजून जागा ताब्यात आलेली नाही तिथे. आमच्या रस्त्यावरच्या डीपीभोवती लोकांनी आधी लाल फडकं बांधलं, मग एक टायर ठेवला, मग टायरात कोणीतरी तुळस लावली. आता तिथे लोक हात जोडतात. तो हलवायचा विषय निघाला तर भावना दुखावतील.

जागा ताब्यात येण्याचं म्हणाल, तर मालकाला समजवण्याची जबाबदारी गोड बोलून दुसऱ्यावर टाका. मालकाला म्हणायचं, रोख मागू नका, टीडीआर घ्या. म्हणजे तुमची रस्त्यात गेलेली जागा आकाशात परत मिळेल, फक्त दुसऱ्याच्या आकाशात. तो टीडीआर मग कोणीतरी विकत घेतो आणि दुसऱ्या कुठल्या रस्त्यावरच्या इमारतीवर मजले म्हणून चढवतो. थोडक्यात, आपल्याकडचा रस्ता रुंद करून आपण शेजारच्या उपनगराला रुंदीकरणाची गरज भेट देतो. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

पण मालक शहाणा निघतो. म्हणतो, रोख. मग काय होतं ते बघायला कात्रज-कोंढवा रस्त्यावर जा. साताऱ्याकडून येणारं ट्रक-ट्रेलरचं लेंढार सोलापूर रस्त्याकडे जातं ते इथूनच. साडेतीन किलोमीटरचा पट्टा 84 मीटर रुंद होणार होता. 2018 मध्ये भूमिपूजन झालं. जागा मिळेना, भूसंपादनाचे पैसे जमेनात, मग रुंदी 50 मीटरवर आणली. रुंदीकरण चालू असताना रस्ता कागदावर 34 मीटरनी अरुंद झाला! या रस्त्यावर अवजड गाड्यांखाली माणसं गेली आहेत, म्हणून इथे जीभ आवरतो. एवढंच सांगतो की जिथे जागा मिळाली तिथे रस्ता मैदानासारखा होतो, आणि जिथे मिळाली नाही तिथे पुन्हा गल्ली. मैदानात सुसाट सुटलेले सगळे गल्लीच्या तोंडाशी एकमेकांची चौकशी करायला थांबतात.

मधल्या मैदानाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. तो आपोआप सुटतो. पहिल्या आठवड्यात एक टेम्पो येऊन उभा राहतो, ताडपत्री घालून. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या सावलीत पाणीपुरीवाला. मग पाणीपुरीवाल्याची गिऱ्हाइकं दुचाक्या तिरक्या लावतात. महिनाअखेर एक कुत्रा येतो आणि झोपतो, म्हणजे कायमस्वरूपी पार्किंग झालं समजायचं.

झाडांची चिंता करू नका. शहरी झाडांच्या कायद्यात 2021 मध्ये सुधारणा झाली. झाडाचं वय जेवढं, तेवढी नवीन झाडं लावायची. आमच्या वळणावरचा वड साठीचा असावा. हिशोबाने साठ रोपं होतात. साठ रोपांनी दुचाकीवरच्या माणसाला सावली द्यायला आणखी साठ वर्षं लागतील, तोवर त्याने हेल्मेट घालावं.

फुटपाथचा विषय काढू नका. रुंदीकरणात पहिला बळी त्याचाच असतो आणि तो तक्रार करत नाही, कारण त्यावर चालणारे मतदार वाहन घेईपर्यंत कोणाच्या हिशोबात नसतात.

आमच्या आईचंच बघा. वय अठ्याहत्तर. समोर दत्ताचं देऊळ, बरोबर दाराच्या दारात. पूर्वी ती हात वर करायची, रिक्षा-स्कूटर थांबायच्या, चौदा पावलांत ती पलीकडे. हे चौदा तिनेच मोजलेले. आता मधे दुभाजक आहे, दुभाजकावर जाळी आहे आणि जाळीवर ‘स्वच्छ सुंदर’ लिहिलं आहे. म्हणून दर गुरुवारी ती फुलांची पुडी घेऊन रिक्षात बसते. रिक्षा अर्धा किलोमीटर पुढे चौकात जाते, यू-टर्नच्या रांगेत लागते, वळते आणि अर्धा किलोमीटर मागे येऊन देवळासमोर थांबते. येताना तेच, उलट्या बाजूने.

गेल्या गुरुवारी रांग जरा जास्तच लांब होती. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, मागे वळून म्हणाला, “आजी, खरं सांगू? हा रस्ता अजून रुंद व्हायला पाहिजे.”

“होय रे बाबा,” आई म्हणाली, “किती त्या रिक्षा!”