‘पेन्शन ही सरकारची मर्जी’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की वृद्धाप्य किंवा विधवा पेन्शन ही सरकारची खैरात असल्यामुळे ती बंद झाली तर न्यायालय त्यात हात घालत नाही. कन्नड नोटिशीला कन्नडमध्येच उत्तर दिले नाही तर विषय संपतो. आणि वकिलाची फी पेन्शनपेक्षा जड जाते.

खैरातीच्या मुद्द्यावर पुष्कळ जण ‘नाकारा’ नावाच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1982 चा निकाल पुढे करतात. तो निवृत्त सरकारी नोकरांच्या पेन्शनविषयी होता, त्यामुळे इथे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. योजना आणावी की नाही हे सरकारने ठरवावे. मात्र नियम करून लाभ द्यायला लागल्यावर तो कोणाचा काढायचा, हे घटनेच्या अनुच्छेद 14 ला, म्हणजे समानतेच्या हक्काला, धरूनच ठरवावे लागते.

न्यायालयाबाबतचा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. अनुच्छेद 226 खालील रिट याचिकेत, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जात, ते न्यायालय सहसा स्वतः पेन्शन मंजूर करत नाही, आणि अपिलाची सोय असेल तर आधी तिथे का गेला नाहीत, असेही विचारते. ते पाहते ते निर्णय कसा घेतला गेला हे. शेजारच्या आजींना मागे आलेला कागद मी स्वतः वाचला आहे : वर नाव, खाली शिक्का आणि कारणाच्या रकान्यात ‘अनर्ह’, म्हणजे अपात्र, एवढा एकच कन्नड शब्द. वयामुळे, उत्पन्नामुळे, की आधार क्रमांकाच्या गल्लतीमुळे, याचा पत्ता नाही. त्याआधी त्यांना कोणी बोलावून विचारलेही नव्हते. म्हणणे न ऐकता आणि कारण न देता काढलेला असा आदेश रद्द होऊन फेरनिर्णयासाठी परत जाऊ शकतो. शिवाय मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितले आहे, की आदेशात नसलेली कारणे मागाहून प्रतिज्ञापत्रात घालून तो सावरता येत नाही. म्हणून तो एका शब्दाचा कागद फाडून टाकू नये. दावा उभा राहतो तो त्याच्यावरच. आणि त्यासाठी बेंगळुरू गाठावे लागत नाही, कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाडचे खंडपीठ 2013 पासून कायम झाले आहे.

भाषेचा मुद्दा मात्र सरळ चूक आहे. अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, आणि या भागात मराठी वापरात नाही असे कोणी म्हणू धजणार नाही. उत्तर कन्नडमध्ये येईल, उच्च न्यायालयात कागदांचे इंग्रजी भाषांतर लागेल, हे खरे. पण मराठी अर्ज टेबलावरून परत ढकलला तर तो स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी.

फीबद्दल एवढेच, की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. विधवा पेन्शन बंद झालेली प्रत्येक बाई त्यात बसते.