जिलेबीने एडीएचडी होत नाही हो

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून फिरतंय की साखर, मोबाईल आणि आईबापाचे लाड यामुळे मुलांना एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा) होतो, म्हणून सकाळची पोहे-जिलेबी बंद करा. वाचून वहिनीने पोराच्या हातातली अर्धी जिलेबी काढून घेतली, तो पाकाची बोटं चाटत बघतच राहिला बिचारा.

तर खुलासा असा, की यात सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तो साधारण 70 ते 80 टक्के निघतो, आणि एकच असा जीन नाहीये, खूप सारे आहेत, प्रत्येकाचा परिणाम अगदी बारीक. शिवाय वेळेआधी जन्म, जन्माच्या वेळी कमी वजन, लहानपणी शरीरात शिसं जाणं, यानेही धोका वाढतो.

साखरेचं म्हणाल तर 1994 मध्ये अमेरिकेत काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीय, खरं तर दिलं होतं बिनसाखरेचं गोड पेय, तरी त्यांना आपलं पोर जास्तच उड्या मारतंय असं वाटलं! (सराफ्यात, म्हणजे आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री 11 वाजता कुठलं पोर शांत असतं म्हणा.) काही खाण्याच्या रंगांनी थोडी चंचलता वाढते असं 2007 च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं, पण ते एडीएचडीचं मूळ कारण नव्हे.

मोबाईल कमी करा, झोप सुधारेल, पण आईला दोष देणं बंद करा आधी. आणि शंका असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, ग्रुपला नको.