"निवडून येणार आहे का?" हा पहिला प्रश्न असू नये

२०२८ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी कोण कोण उभं राहणार, याची चर्चा आमच्या इथल्या मराठी ग्रुपांवर आत्तापासून रंगायला लागली आहे. कुणी एखाद्या फारशा माहीत नसलेल्या गव्हर्नरचं किंवा खासदाराचं नाव घेतलं की लगेच कुणीतरी लिहितं, "अहो, तो कुठला निवडून येतोय! मत कशाला वाया घालवायचं?" विषय तिथेच मिटतो. त्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे कुणी विचारतही नाही. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मी बरीच वर्षं आयोवात राहते. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेतं, लोकसंख्या जेमतेम बत्तीस लाख. तरी कित्येक वर्षं राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षांचे उमेदवार ठरवणारं पहिलं मतदान इथे होत असे. त्यामुळे टीव्हीवर कधीही न दिसलेला उमेदवार आमच्या गावच्या लायब्ररीत, चर्चच्या तळघरात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात येऊन वीस-पंचवीस लोकांसमोर उभा राहिलेला मी बघितला आहे. नवख्या माणसाला पाठिंबा मिळू शकतो का? मिळतो. अट एकच, त्याला लोकांपर्यंत पोहोचू द्यायला हवं. गेल्या काही वर्षांत नेमकी तीच वाट अरुंद होत चालली आहे.

कार्टर यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल, पण तिच्यातला एक भाग सहसा सांगितला जात नाही. जॉर्जियाचे तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी डिसेंबर १९७४ मध्ये उमेदवारी जाहीर केली तेव्हा जॉर्जियाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. "जिमी कोण?" हीच त्यांची ओळख होती. १९७५ मध्ये ते पुन्हा पुन्हा आयोवात आले आणि इथली गावं पालथी घातली. हॉटेलवर खर्च करण्याऐवजी समर्थकांच्या घरी मुक्काम करायचे, सकाळी उठून आपली गादी आपणच आवरायचे. पुढे, आयोवानंतर ज्याचं मतदान असतं त्या न्यू हॅम्पशायरला तर जॉर्जियाहून त्यांचे शेजारीपाजारी, मित्रमंडळी बर्फात दारोदार फिरायला गेली. १९ जानेवारी १९७६ ला आयोवातल्या कॉकसचा, म्हणजे गावोगावी जमून पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या सभांचा, निकाल लागला. पहिला नंबर "अजून कुणालाच नाही" म्हणणाऱ्यांचा आला, सुमारे ३७ टक्के. कार्टर यांना साधारण २८ टक्के. म्हणजे खरं तर ते दुसरे! पण माणसांमध्ये ते पहिले होते आणि त्या रात्री ते मुद्दाम न्यूयॉर्कमध्ये थांबले होते, सकाळच्या टीव्ही कार्यक्रमांत बसता यावं म्हणून. सगळं वर्ष पायपीट केली आणि कॅमेरा कुठल्या क्षणी लागणार हेही ओळखून ठेवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

(कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आपल्या विक्रोळीला आल्या होत्या. गोदरेजच्या वसाहतीत त्यांनी नर्स म्हणून काम केलं. दहा वर्षांनी या बाईंचा मुलगा व्हाइट हाउसची निवडणूक जिंकणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जॉर्जियातसुद्धा लोक हसले असते.)

कार्टर यांच्यानंतर वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी आयोवाला डोक्यावर घेतलं, पण त्याबरोबर एक विचित्र सवयही लागली. कुणाला किती मतं पडली यापेक्षा कुणाला अपेक्षेपेक्षा किती जास्त पडली, याला भाव आला. १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत वॉल्टर मॉन्डेल यांना आयोवात ४९ टक्के मिळाले, गॅरी हार्ट यांना जेमतेम १६. तिपटीचा फरक. तरी बातमी झाली हार्ट यांची, कारण त्यांच्याकडून कुणाला काही अपेक्षाच नव्हती. आठ दिवसांनी हार्ट न्यू हॅम्पशायर जिंकले. उमेदवारी शेवटी मॉन्डेल यांनाच मिळाली, पण त्यासाठी त्यांना जूनपर्यंत झुंजावं लागलं.

याच्या उलटं घडलं २०१२ मध्ये, आणि ते आठवलं की मला आजही राग येतो. रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे असलेले रिक सँटोरम यांची मतं मला पटत नाहीत, बऱ्याच बाबतींत तर अजिबात नाही. पण हा माणूस पैसा नसताना, पोलमध्ये, म्हणजे जनमत चाचण्यांत, तळाशी असताना, आयोवातल्या ९९ च्या ९९ काउंट्या (जिल्हे) एका स्वयंसेवकाच्या पिकअप ट्रकमधून फिरला. कधी कधी समोर पाच-दहा माणसं असायची. ३ जानेवारीच्या रात्री जाहीर झालं की त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉमनी ८ मतांनी जिंकले. सगळ्या वाहिन्यांवर, सगळ्या पेपरांत रॉमनींचा विजय. सोळा दिवसांनी अंतिम मोजणी आली, तर सँटोरम ३४ मतांनी पुढे! काही ठिकाणचे कागद तर सापडलेच नव्हते. पण तोवर न्यू हॅम्पशायर उरकलं होतं आणि दोन दिवसांवर साउथ कॅरोलायना आलं होतं. जिंकल्याच्या रात्री मिळणारं ते भाषण, दुसऱ्या दिवशीचे मथळे, त्या भरवशावर येणारे पैसे, यातलं बरंचसं त्यांच्या हातून निसटलं. आयोवा धरून त्यांनी एकूण अकरा राज्यं जिंकली. पहिल्याच रात्री खरा निकाल कळला असता तर काय झालं असतं कोण जाणे. मतदारांनी आपलं काम चोख केलं होतं, एवढं मात्र नक्की.

आता कुणी म्हणेल, वाहिन्यांनी तरी काय करावं? २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचेच वीसहून जास्त उमेदवार होते. न्यू हॅम्पशायरमध्ये तर १००० डॉलर भरले की कुणाचंही नाव मतपत्रिकेवर येतं, त्यामुळे हौसे-नवसेही असतात. सगळ्यांच्या मागे पत्रकार कसा पाठवणार? अडचण खरी आहे, ती मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो चाळणी कशाची लावली जाते याला. चाळणी असते पोलची. पोलमध्ये नाव नाही म्हणून डिबेटमध्ये जागा नाही, डिबेटमध्ये दिसला नाही म्हणून पोलमध्ये नाव नाही. निवडणुकीच्या आधीच्या वर्षी पोलमध्ये लोक काय सांगतात? ज्याचं नाव ऐकलंय त्याचं नाव.

रॉस पेरो या दोन्ही पक्षांबाहेरच्या अब्जाधीश उद्योजकाचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये लॅरी किंग यांच्या टीव्हीवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात ते म्हणाले, लोकांनी माझं नाव पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर आणलं तर मी उभा राहतो. लोकांनी आणलं! जूनमध्ये ते पोलमध्ये बुश आणि क्लिंटन दोघांच्याही पुढे होते. मग जुलैत स्वतःच माघार घेतली, त्यात दोष त्यांचाच. १ ऑक्टोबरला परत आले तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास होते. तरी त्यांना तिन्ही डिबेटमध्ये घेतलं गेलं. डिबेटमध्ये आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टीव्ही कार्यक्रमांत, हातात तक्ते घेऊन, ते देशाच्या कर्जाबद्दल बोलले. शेवटी जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली. राज्य एकही नाही, पण दर पाच-सहा मतदारांमागे एक माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला. १९९६ मध्ये त्यांना डिबेटला बोलावलंच नाही. मतं ८ टक्क्यांवर आली. २००० पासून नियम झाला की पोलमध्ये १५ टक्के असतील तरच मंचावर जागा. हा नियम १९९२ मध्ये असता तर पेरो बाहेरच बसले असते. आणि तेव्हापासून मुख्य लढतीच्या डिबेटमध्ये दोन पक्षांखेरीज तिसरा माणूस देशाला दिसलेला नाही.

शर्ली चिझम यांना तर १९७२ मध्ये स्वतःच्या पक्षातसुद्धा हा झगडा करावा लागला. संसदेत निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, ब्रुकलिनची. टीव्हीवरच्या डिबेटमधून वगळलं म्हणून त्यांनी कायद्याची लढाई लढली, तेव्हा कुठे एका भाषणापुरता वेळ मिळाला. तरीही मायामीला भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या १५२ डेलिगेटांनी (प्रतिनिधींनी) त्यांना मत दिलं.

"पण ट्रम्पनासुद्धा सुरुवातीला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं," असं मला हमखास ऐकवलं जातं. बरोबर आहे. पण त्यांना कॅमेरा मिळवावा लागला का हो? टीव्ही बातम्यांचा वेळ मोजणाऱ्या टिंडॉल रिपोर्टप्रमाणे २०१५ मध्ये एबीसी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांनी ट्रम्प यांना ८१ मिनिटं दिली होती, आणि त्याच वर्षी मैदानं भरवणाऱ्या, डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणाऱ्या बर्नी सँडर्स यांना मिळाले सुमारे २० सेकंद. सेकंद! पुढे याच सँडर्स यांनी वीसहून जास्त राज्यं जिंकली. म्हणजे बातम्यांत न दिसणारा पाठिंबा जमिनीवर होताच.

आता २०२०. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभे राहिलेले अँड्र्यू यँग यांना कुणी ओळखत नव्हतं. प्रत्येक प्रौढ माणसाला महिना १००० डॉलर सरकारने द्यावेत, हा त्यांचा मुद्दा. त्या निवडणुकीत पक्षाने पहिल्या डिबेटसाठी पोलला एक पर्याय दिला होता: किमान ६५,००० लोकांनी देणगी दिलेली हवी, मग ती एक डॉलरची का असेना. यँग पॉडकास्ट आणि इंटरनेटवरून लोकांपर्यंत गेले आणि मंचावर पोहोचले. पुढे अटी वाढत गेल्या, देणगीदारांबरोबर पोलही आले. १४ जानेवारी २०२० ला डे मॉइनला, म्हणजे आमच्या राजधानीत, कॉकसच्या तीन आठवडे आधी डिबेट झालं. यँग यांच्याकडे देणगीदार पुरेसे होते, पोलमध्ये कमी पडले. त्या आठवड्यांत पोलच मोजके झाले होते. त्यांना मंचावर जागा नव्हती. जागा मिळाली टॉम स्टायर या अब्जाधीशांना, कारण दुसऱ्या दोन राज्यांत जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतून त्यांचे पोलमधले आकडे वर आले होते. मला सांगा, या चाळणीतून काय गाळून निघालं?

३ फेब्रुवारीच्या रात्री मी आमच्या भागातल्या शाळेच्या जिममध्ये यँग यांच्या कोपऱ्यात उभी होते. कॉकस म्हणजे गुपचूप बटण दाबणं नाही. भिंतीवर नावं चिकटवलेली असतात, आपण आपल्या उमेदवाराच्या नावाखाली जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं. माणसं मोजतात. १५ टक्क्यांपेक्षा कमी भरलात तर गट मोडतो आणि दुसऱ्या फेरीत तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. आमच्या कोपऱ्यात बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी, एक रात्रपाळीची नर्स आणि एक ट्रक ड्रायव्हर. शेजारच्या गटातले एक निवृत्त शेतकरी, डोक्यावर बियाणांच्या कंपनीची टोपी, आमच्याकडे आले आणि म्हणाले, "हे महिना हजार डॉलर येणार कुठून?" एका मुलीने त्यांना यँग यांचा दहा टक्के व्हॅटचा प्रस्ताव समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, मग माझ्या ट्रॅक्टरचा भाग महाग होणार का? ती म्हणाली, हो, थोडा होईल, पण महिन्याला हजार येतील त्याचा हिशेब करा. ते खरंच हिशेब करत उभे राहिले. पटलं नसावं, परत गेले. पण तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही विचारलं नाही की हा निवडून येणार आहे का.

आमचा गट मोडला. राज्यभर असंच झालं, पहिल्या फेरीत यँग यांना ५ टक्के होते, दुसऱ्या फेरीत १ टक्का उरला. आठ दिवसांनी त्यांनी माघार घेतली. मार्चच्या शेवटी कोविडमुळे अमेरिकेच्या संसदेने बहुतेक लोकांना १२०० डॉलर थेट देण्याचा कायदा केला. तो यँग यांच्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, ती आणीबाणी होती आणि रक्कम एकदाच मिळणार होती. पण सरकार सरसकट लोकांच्या खात्यात पैसे टाकू शकतं, ही कल्पना त्या शेतकरीकाकांना नवी राहिली नव्हती.

कॉकसच्या त्या रात्रीच आयोवाच्या निकालाचा मोठा घोळ झाला. निकाल कळवायचं अॅप चाललं नाही, निकाल कित्येक दिवस लांबला, पीट बुटिजेज यांचाही विजयाचा क्षण त्यात गेला. इंडियानातल्या लाखभर वस्तीच्या गावचे ते माजी महापौर. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला नंबर काढून घेतला. आमचं राज्य बहुतांशी गोरं आहे, साऱ्या देशाचं प्रतिबिंब इथे दिसत नाही, आणि रात्रपाळीवाल्यांना, लहान मुलांच्या आयांना कॉकसला येणं जमत नाही, हे आक्षेप रास्तच आहेत. पहिला नंबर आयोवालाच हवा असा माझा हट्ट नाही. नेवाडाला द्या, न्यू मेक्सिकोला द्या. पण पहिलं राज्य लहान असू द्या, जिथे जाहिरातीसाठी कोट्यवधी डॉलर नसलेला माणूस गाडी घेऊन फिरू शकेल. सुरुवातच मोठ्या राज्यांपासून केली तर फक्त पैसेवाले आणि आधीच प्रसिद्ध असलेलेच उरतील. आणि आदल्या वर्षीच्या पहिल्या दोन-तीन डिबेटांपुरता तरी पोलचा निकष काढून टाका. छोटे देणगीदार मोजा, सह्या मोजा, चिठ्ठ्या टाकून दोन रात्री करा. २०१९ मध्ये केल्या होत्याच की.

इथल्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. नागरिकत्व मिळाल्यावर आपण नोव्हेंबरचं मत न चुकता देतो, प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, मात्र बरेच जण जात नाहीत. आणि प्रायमरीतच तर मनासारखा माणूस निवडायची मुभा असते. बऱ्याच राज्यांत त्यासाठी पक्षाची नोंदणी आधी करावी लागते आणि तिची मुदत कधी निघून जाते ते कळत नाही. तुमच्या राज्यात नियम काय आहे ते खाली लिहा, मी सगळ्यांची मिळून यादी करून इथेच टाकते. आणि ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही असा एखादा उमेदवार तुम्हाला पटला असेल, तर त्याचा कुठला मुद्दा पटला तेही लिहा. तेवढ्यावर बोलू.